दमणूक मोजताना

मुलगी पाण्यात होती आणि तिचा मोबाइल बाबांच्या मांडीवर वाजत होता. पोहण्याच्या अकादमीतल्या मानसतज्ज्ञ बाईंचा निरोप होता : मोठ्या स्पर्धांत उतरणारी मुलं सरावाला कितपत विटलीत ते मोजायचंय, तेव्हा सोबतच्या प्रश्नांची उत्तरं लगेच पाठवावीत.

उत्तरं पोरीनेच द्यायची, हे बाबांना कळत होतं. पण तिची धावपळ नको म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि स्वतःच सुरुवात केली. ‘पहाटे उठणं नकोसं वाटतं का?’ बोट आपसूक ‘नेहमी’वर गेलं. ‘तलावाच्या नुसत्या वासाने मळमळतं का?’ हा प्रश्न तर खास आपल्यासाठीच काढलाय, असं त्यांना वाटलं. गेली काही वर्षं ते रोज पहाटे याच ओल्या बाकावर डुलक्या काढत होते. उत्तरं देता देता पोरगी बाजूलाच राहिली आणि बाबांचं मन मात्र मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी दोघांना बोलावून घेतलं. माणूस करडा, मुलं त्यांना मागून ‘शिट्टी’ म्हणत. आज शिट्टीचा आवाज मऊ होता.

“पोहणं सोडावंसं वाटत होतं, तर आधी बोलायचंस ना.”

“मला?” पोरीने विचारलं.

“लपवू नकोस. अख्ख्या अकादमीत तुझ्याइतकं विटलेलं कुणी नाही. आठवडाभर पाण्यात उतरायचं नाही. निवड चाचणीचं नंतर बघू.”

चाचणी तोंडावर आली होती. पोरीचा चेहरा पडला. खरं काय ते सांगायला बाबांनी तोंड उघडलं, पण त्यातून जांभई बाहेर पडली.

पुढच्या दिवशी ते उन्हं वर येईपर्यंत झोपले. उठल्यावर इतकं बरं वाटलं, की स्वतःचीच लाज वाटली. पोरगी सोफ्यावर पालथी पडून हवेतच हात मारत होती.

“पहाटेपासून हेच चाललंय तिचं,” आई म्हणाली. “तुम्ही मात्र टवटवीत दिसताय.”

बाबांना चहा गोड लागेना. तसेच उठले, पोरीला घेतलं आणि मानसतज्ज्ञ बाईंपुढे जाऊन बसले.

“ती उत्तरं माझी होती.”

“पण प्रश्न सरावाबद्दलचे होते,” बाई म्हणाल्या. “तुम्ही कुठे सराव करता?”

“बाकावर.”

बाई खाली बघून हसू दाबायला लागल्या. आता पोरगी भडकणार, म्हणून बाबा अंग चोरून बसले. पण तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

“म्हणजे तुम्हाला यायला आवडत नाही?”

“तसं नाही गं. झोप होत नाही, एवढंच.”

“अहो बाबा, अकादमीची व्हॅन आपल्या कोपऱ्यावर थांबते. सगळ्या जणी गप्पा मारत येतात तिच्यातून. मीच नाही म्हणत आले. म्हटलं, तुम्ही एवढ्या हौसेने येता, उगाच हिरमोड कशाला.”

बाबांच्या छातीवरचं ओझं उतरलं. पोरीने तिथेच बसून स्वतःची उत्तरं दिली. ती बघून शिट्टीने तिला दुसऱ्याच दिवशी पाण्यात उतरायला सांगितलं, आणि बाबांना मात्र तलावाकडे फिरकायला बंदी केली.

पहाटे व्हॅनचा हॉर्न वाजला, पोरीच्या चपला जिन्यावरून धडधडत उतरल्या. बाबा डोळे उघडे ठेवून पडून होते.

“झोप येत नाहीये का?” आईने विचारलं.

“येतेय गं. जरा जागा राहून बघतोय, न उठणं कसं वाटतं ते.”