ओटीची पिशवी

आदिलाबाद तेव्हा आंध्रात होतं. सरकारी मास्तरकीला डॉक्टरचा दाखला लागायचा, आणि गुडीहत्नूरचा उद्धव चांगला धडधाकट गडी होता. तरी मंचेरियलच्या दवाखान्यात यंत्रातला पारा काही खाली यायला तयार नव्हता.

"बी.पी. बहुत हाई है, बाबू," डॉक्टर म्हणाले. "बाहर बैठो, आराम करो."

उद्धवच्या तोंडचं पाणीच पळालं. बाहेर बाकावर, जिच्याशी त्याचं लग्न ठरत होतं त्या चारुशीलाचे वडील, शामराव, बसले होते. जावई सरकारी आणि निरोगी हवा, असं त्यांनी बजावलं होतं आणि खातरजमा करायला ते जातीनं हजर होते.

"काय मनते डॉक्टर?"

"थोडं बसा मनते."

"काऊन? तुझ्या वयात मले सर्दीबी होत नव्हती!"

उद्धव बसला, पण आराम कसला! डाव्या हातात देवीच्या ओटीची पिशवी होती. नारळ, तांदूळ आणि गुळाची भलीमोठी ढेप. "देवळात पोचेपर्यंत खाली टेकवू नोको," आई कौसल्याबाईनं निघताना सांगितलं होतं. बाकावर लोक बसतात, तिथंही ठेववेना. बिचारा हात ताठ करून पिशवी अधांतरी धरून राहिला. दुसऱ्या खेपेला पारा आणखी चढला. डॉक्टरांनी पेन उचललं आणि उद्धवच्या डोळ्यांपुढून चारुशीलाची वरात दुसऱ्याच गावाला निघाली.

तेवढ्यात डॉक्टरांची नजर त्याच्या ताठ धरलेल्या हाताकडे गेली. "ये क्या है? किसी को दे दो!"

शामरावांना आत बोलावलं, पिशवी त्यांच्या हाती गेली. थोड्या वेळानं पारा शहाण्या पोरासारखा खाली उतरला. डॉक्टर खूष झाले. आवळलेले स्नायू मेंदूकडे निरोप धाडतात, मेंदू हुकूम सोडतो आणि रक्ताचा दाब चढतो, हे त्यांनी हौसेनं समजावलं. मग पुरावा म्हणून शामरावांनाच खुर्चीत बसवलं.

"देखा? थैली पकड़ी, बी.पी. हाई! अब छोड़ दो."

पिशवी उद्धवकडे परत आली. पारा मात्र जागचा हलला नाही. डॉक्टरांनी वाट पाहिली, पुन्हा मोजलं आणि त्यांचं हसू मावळलं.

"बी.पी. तो आपको है, शामरावजी. नमक कम, अचार बंद."

उद्धवमास्तर आता निवृत्त झाले, सासरेही राहिले नाहीत. ती दुपार आठवली की त्यांना हसू येतं. बाहेर आल्यावर शामरावांनी मागंपुढं पाहिलं होतं आणि आवाज अगदी बारीक केला होता.

"घरी माह्या बायकोले सांगू नका बरं. लोनचं बंद करन ते... जावईबापू!"