बिनअर्थिंगची कॅसेट

दिगूभाऊ कुणाच्याही घरात पाऊल टाकतात ते थेट फ्रिजकडं जातात आणि बटण बंद करतात. पाणी विचारावं तर हात वर करून म्हणतात, "थांबा वहिनी, आधी ही घुं घुं जाऊ द्या." जाताना बटण चालू करायचं मात्र त्यांच्या ध्यानात राहत नाही. चार महिन्यांत माझं किती दूध नासलं ते माझं मला माहीत! आमच्या पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी जनरेटरच बंद केला. मंगलाष्टकं चालू, भटजींचा माइक मुका, नवरी घामाघूम, आणि हे मांडवामागून हात झटकत आले. "आता कसं बरं वाटतंय," म्हणाले.

दिगूभाऊ म्हणजे आमचे शेजारी दिगंबरराव. उभा जन्म अंकुशनगरला साखर कारखान्यात वायरमन होते. रिटायर झाल्यावर जालन्याला आमच्या शेजारी राहायला आले. एकटेच असतात. जगातल्या सगळ्या दुखण्यांचं त्यांच्याकडं एकच निदान, "अर्थिंग न्हाई." जावई तापट आहे, अर्थिंग न्हाई. माझे मिस्टर मिलमधून दमून आले की माझ्यावर कावतात, त्यांनाही अर्थिंग न्हाई. एकदा मीच भडकले, तर माझ्या पायाकडं बघून म्हणाले, "चप्पल काढून फरशीवर उभ्या राहा बरं." आता काय बोलावं या माणसाला? राहिले उभी.

हे घुं घुंचं वेड त्यांना लागलं ते एका कॅसेटपायी. कारखान्यातल्या कामगारांचा एक ऑर्केस्ट्रा होता. त्यात सलीम नावाचा बॉयलर फिटर जाड तारांची गिटार वाजवायचा. हा दिगूभाऊंचा जिवाचा दोस्त. एका वर्षी हंगाम संपल्यावर कॉलनीत कार्यक्रम झाला आणि कुणीतरी तो टेप केला. गेल्या साली सलीमभाई वारले. मग त्यांची मुलगी शबाना ती कॅसेट घेऊन वाटूरहून आली.

"चाचा, मी अब्बांना वाजवताना कधी ऐकलंच न्हाई," ती म्हणाली. "माझ्या जन्माआधीच त्यांनी गिटार देऊन टाकल्ती. यात तेवढे आहेत ते. साफ करून द्या."

तिच्या नवऱ्यानं सांगितलं, असल्या वाजवण्याला फंक म्हणतात. दिगूभाऊ म्हणाले, "असंल. आम्ही त्याला सलीमचं म्हणायचो."

कॅसेटवर गाण्याच्या वर नुसती घुं घुं होती; अर्थिंग नसलं की स्पीकर असाच घुमतो म्हणे. त्या कार्यक्रमाची वायरिंग कुणी केली होती? दिगूभाऊंनीच! "सलीम स्टेजवरून वरडला, दिगू, अर्थिंग दे. मी म्हणलं, चालतंय रे, वाजव तू. अन् पान खायला निघून गेल्तो, वहिनी." हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यानंतर मी दुधाबद्दल बोलायचं सोडून दिलं.

आमचा पोरगा पुण्याला गेल्यापासून त्याचा कॉम्प्युटर पडून होता. दिगूभाऊंनी कॅसेट त्यावर उतरवली. उतरवता उतरवता फीत तांबडी भुकटी होऊन झडली आणि शेवटी तुटली. म्हणाले, "मेली तर मेली, आत आलंय समदं." मग रोज सकाळी दहाला हजर. पडद्यावरची आवाजाची पट्टी सरकव, ऐक, परत सरकव. रोज थोडी घुं घुं कमी व्हायची, आणि काम झालं की कालची कॉपी पुसून टाकायचे.

"अहो, एखादी जुनी राहू द्या की," मी म्हणाले.

"वहिनी, नवी वायर वढली की जुनी पाइपात ठेवायची न्हाई. कुणाला कवा झटका बसंल, काय सांगावं?" चाळीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस तो, त्याला मी काय शिकवणार?

परवा रविवारी शबाना आली. येताना चांगला मोठा स्पीकर घेऊन आली. आमच्याकडं काय, कॉम्प्युटरच्या दोन टीचभर डब्या, त्यातून जाड आवाज कधी आलाच नव्हता. दिगूभाऊ इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. फ्रिज अर्थातच बंद.

त्यांनी बटण दाबलं. काय स्वच्छ वाजलं हो! ढोलक, ट्रम्पेट, लोकांच्या शिट्ट्या, मागं कुणीतरी खोकलं तेसुद्धा. घुं घुंचा मागमूस नव्हता.

शबाना पुढं वाकून ऐकत होती. गाणं संपलं तेव्हा तिनं विचारलं, "चाचा, अब्बा कुठंत?"

दिगूभाऊंनी परत लावलं. आवाज वाढवला. कान स्पीकरला टेकवला. आणि मग त्यांना कळलं. घुं घुं जाड, सलीमभाईंची गिटारही जाड. चार महिने एकीला कापता कापता त्यांनी दुसरीही कापली होती. त्यांना ती गिटार त्या डब्यांतूनही ऐकू यायची, कारण त्यांच्या डोक्यात ती कायमच वाजत होती. आणि जुनी कॉपी एकही नव्हती. कॅसेटच्या जागी उरली होती चिमूटभर भुकटी.

"पोरी," ते म्हणाले, "म्या तुझ्या बापाला दुसऱ्यांदा..." मला वाटलं, आता हा माणूस इथंच कोसळतो. शबाना रडत होती, पण उठून गेली नाही.

मग त्यांनी गाणं पुन्हा लावलं. डोळे मिटले, मांडीवर ठेका धरला आणि फाटक्या आवाजात तोंडानं सुरू झाले, "ढुं... ढुं ढुडुं... ढुं..." ट्रम्पेट थांबे तिथं हे थांबत, पुन्हा बरोबर जागेवर उचलत. एक सूर इकडचा तिकडं नाही. शबानानं डोळे पुसले, मोबाइल काढला आणि त्यांच्या तोंडाजवळ धरला.

तेवढ्यात लक्षात आलं, सकाळचं दूध आहे. मी हळूच जाऊन फ्रिज चालू केला, तर घुं घुं सुरू झाली. जीभ चावली आणि लगेच बंद करायला हात नेला.

दिगूभाऊंनी डोळे न उघडताच मान हलवली.

"असू द्या, वहिनी," ते म्हणाले. "त्या दिवशी बी व्हती."