तेल पाजलेला रोबोट

यंत्र कोणतंही असो, माझ्या हातात द्या! भिवंडीत माझे कापडाचे बारा लूम आहेत. कुणाच्या पोटात काय दुखतंय, हे मी नुसत्या खडखडाटावरून सांगतो. त्यामुळे २००५च्या दसऱ्याआधी माळा आवरताना जुना प्लास्टिकचा रोबोट सापडला, तेव्हा मी तिथूनच जाहीर केलं, "हा आज उभा राहणार!"

लडकूकाकांनी बोटीवर नोकरीला असताना तो जपानहून आणला होता. लहानपणी मी गुडघ्यापर्यंत जोडून सोडून दिला होता. आता खोका उघडला आणि त्या जपान्यांना मनातल्या मनात हात जोडले. ना गोंद, ना स्क्रू! उरलेले सगळे भाग प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले. कापायचे, दाबायचे, टक्! खांद्याचा गोळा खोबणीत असा घट्ट बसतो, की हात वर केला की वरच राहतो. संध्याकाळपर्यंत वीतभर रोबोट टेबलावर उभा!

"जरा करकरतोय," म्हणत मी लूमच्या तेलाची बुधली आणली.

"आरं विपुल, पलास्टिकला त्याल नको," माझी आई, म्हणजे आक्का, दारातून म्हणाली. "माजी फनी बग. त्यालानंच दात गेलं तिचं."

"आक्का, ही फणी न्हाय, इंजिनिअरिंग हाय!" आणि मी सांध्यासांध्यात तेल सोडलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून मेव्हण्याला फोन लावला. तिथे कोकलल्याशिवाय काही ऐकू जात नाही. "प्रितम, जपानचा रोबोट तयार! कुणाची मदत लागत नाही त्याला! दसऱ्याच्या पूजेला कारखान्यातच बसवतो!"

हे लूमवरच्या सगळ्यांनी ऐकलं. चहाच्या टपरीवर एकाचे सहा रोबोट झाले. रात्रपाळीपर्यंत ते जवळच्या कशेळीच्या गोडाऊनमध्ये उतरलेसुद्धा. आणि म्हणे त्यांना जेवण लागत नाही, ईदला सुट्टी लागत नाही!

मला यातलं काहीच ठाऊक नाही. दसऱ्याला आक्काला घेऊन कारखान्यात गेलो, लूमना हार घातले, नारळ फोडला. मग मुहूर्ताला लूम चालू करायची आमची पद्धत. पण नसीमभाई हाताची घडी घालून उभा.

"सेठ, लूम नहीं चलेगा. पहले बताओ, रोबोट आ रहा है तो हम कहाँ जाएँगे? गाँव में बच्चे हैं!"

माझं धाबं दणाणलं. नसीमभाई माझ्या वडिलांच्या वेळचा कारागीर. तो गेला तर बाकीचेही त्याच्यामागे जाणार, आणि मी एकटा बारा लूमसमोर काय पूजा करत बसू? घाईघाईने पिशवीतून रोबोट काढला आणि लूमवर ठेवला.

सगळे वाकून बघायला लागले. "ये?" नसीमभाई म्हणाला.

इथे शहाणा माणूस थांबला असता. पण 'खेळणं आहे' म्हणायला माझी जीभ रेटेना. इंजिनिअरिंगचा अपमान!

"छोटा है, लेकिन मजबूत है! देखो, हाथ कैसे उठाता है!"

हात उठला. तो माझ्या चिमटीतच राहिला! खांद्याला उभी चीर गेलेली. हात परत बसवायला गेलो तर मान सुटली आणि डोकं टुणकन खोबऱ्याच्या प्रसादात पडलं. मग दोन्ही गुडघे फुटले आणि स्वारी लूमसमोर साष्टांग!



"फनी," आक्का एवढंच म्हणाली.

मग जे हसले सगळे! नसीमभाईने डोळे पुसले. "सेठ, नाराज मत होना. अपनी नौकरी पक्की है!" म्हणत त्याने हँडल ओढलं. एकेक लूम धडधडू लागला आणि माझा जीव भांड्यात पडला.

प्लास्टिकच जुनं होतं, माझं तंत्र अगदी बरोबर होतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगतो. फक्त हल्ली लूम करकरला की मी खुर्चीतून उठायच्या आत कुणीतरी ओरडतं, "सेठ, आप बैठो!" तेलाची बुधली नसीमभाई कुलपात ठेवतो. परवा मी मालक या नात्याने खडसावून चावी मागितली.

"मेरे पास कहाँ, सेठ?" तो म्हणाला. "आक्का के पास है."