सुई नसलेला सत्कार

सत्कार मालनबाईंचाच होता, पण त्याला माणसं जमवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत त्या सहा वर्षं आरोग्यसेविका होत्या. कुणाला ताप आहे, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या पोराचा डोस चुकलाय, हे त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं. अशा बाईचं कौतुक व्हायला हवं, असं आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सबनिसांच्या मनात आलं. कौतुक म्हटलं की शंभर माणसं तरी हवीत. मालनबाई नको म्हणाल्या नाहीत. नको म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

शनिवारी मंडपवाल्याने रंगीत कनाती एका लग्नाला दिल्या आणि मैदानात पांढरे पडदे लावून तो निघून गेला. टेबल आणायचं तर विसरलाच. मग केंद्राचा शिपाई नंदकिशोर याने तपासणीचं लोखंडी टेबल आणून मधोमध ठेवलं, आणि जीपमध्ये बसून तो भोंग्यावर सांगत सुटला की सर्व पुरुषांनी वेळेवर हजर राहावं. बायका काय, येतातच, असं त्याचं म्हणणं.

पांढरे पडदे, लोखंडी टेबल आणि बोलावणं फक्त पुरुषांना. दहा वर्षांपूर्वीची नसबंदीची धरपकड वस्ती विसरली नव्हती. चार वाजता मैदानात शंभर खुर्च्या आणि एक कुत्रा होता. झाडून सगळे पुरुष डोंगराच्या माथ्यावर जाऊन बसले होते.

मालनबाई नव्या साडीचा ओचा सावरत चढण चढल्या. सकाळपासूनची ही चौथी खेप. वर गिरणीच्या संपापासून घरी बसलेला दत्ताराम परब सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्यांनी समजावून सांगितलं की सत्कार आहे, शाल-नारळ आहे, नंतर चहा आहे. शाल द्यायला लोखंडी टेबल कशाला लागतं, असं मागून कोणीतरी विचारलं.

"बाये, तू सांग," दत्ताराम म्हणाला. "सुई नाय ना?"

"नाही. आज कुणाला सुई लागणार नाही. माझा शब्द."

"तुझो शब्द असा ना? मग येतंव."

सगळे खाली उतरले. डॉक्टर सबनीस आले, आणि भरलेलं मैदान बघून त्यांना वेगळंच काही सुचलं. मलेरियाचे रक्तनमुने दोन महिने मागे पडले होते. एवढी बोटं एका जागी पुन्हा कधी मिळणार? काचपट्ट्यांचा खोका जीपमध्येच होता. व्यासपीठावर बसल्या बसल्या ते मालनबाईंकडे झुकले आणि पहिल्या रांगेपासून सुरुवात करा म्हणाले.

"साहेब, मी शब्द दिलाय त्यांना."

"अहो, बोटाला टोचणं म्हणजे काय सुई?"

"ज्याचं बोट असतं त्याला ती सुईच वाटते."

"मग तुमचा सत्कार आम्ही करायचा तरी कशासाठी?"

"नका करू. मी आज टोचणार नाही. उद्यापासून घरोघर जाते."

घरोघर म्हणताना त्यांच्या पोटऱ्यांत कळ आली. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की मैदानात फारच शांतता आहे. नंदकिशोरने व्यासपीठावरचा माइक चालूच ठेवला होता, आणि हे सगळं बोलणं भोंग्यातून डोंगरभर गेलं होतं. डॉक्टरांनी घाईघाईने मालनबाईंच्या अंगावर शाल घातली, नारळ हातात दिला, दोन मिनिटांत भाषण उरकलं, काचपट्ट्यांचा खोका त्यांच्याकडे सोपवला आणि चहा न घेताच जीप गाठली.

दुसऱ्या दिवशी रविवारी, पहाटे सहाला मालनबाईंचं दार वाजलं. बाहेर दत्ताराम उभा होता. त्याच्यामागे रांग होती, नळाच्याही पलीकडे वळलेली.

"काल तू शब्द राखलंस," तो म्हणाला. "आता टोच. तुका घरोघर चढूक नको."

मागून शेजारच्या सुंदराबाई म्हणाल्या, "तोंड धुवून घे गं हवं तर. आम्ही थांबतो."

कमीत कमी दीडशे माणसं होती. सगळ्यांनी बोटं आधीच पुढे केली होती. मालनबाईंनी जांभई अर्ध्यावर गिळली आणि कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला.