घिरट्या घालणारा उपग्रह

हवाई दलाचं अंतराळ-धोरण लिहायला लोकांना वर्षं लागतात म्हणे. मी दोन दिवसांत उरकलं! वीस वर्षं विमानं उडवलेला माणूस मी. अंतराळ म्हणजे तरी काय? जरा जास्तच उंच आकाश! जुनं हवाई धोरण संगणकावर उघडलं, 'टेहळणी विमान' सगळीकडून काढलं आणि तिथं 'उपग्रह' बसवलं. मोठ्या साहेबांनी न वाचता सही ठोकली.

महिन्याभरात सरावातलं एक विमान डोंगरात कोसळलं. वैमानिक आमचा टिल्लू. नाव टिल्लू, उंची सहा फूट! हवाईछत्री घेऊन त्यानं उडी मारल्याचं कळलं, पण उतरला कुठं ते कळेना.

"हेलिकॉप्टर सोडू?" मी विचारलं.

साहेबांनी माझंच पुस्तक उघडलं. "'उपग्रह घटनास्थळी घिरट्या घालून जागा निश्चित करेल. मगच हेलिकॉप्टर निघेल.' तुम्हीच लिहिलंय ना?"

मी उपग्रह केंद्रातल्या बाईंना फोन लावला.

"बाई, उपग्रह डोंगरावर थांबवा!"

"थांबवू? थांबला तर खाली येईल!"

"मग येऊ द्या की जरा खाली!"

"अहो, जळून खाक होईल! तो पावणेतीनला वरून जाईल. चार मिनिटं दिसेल. तेही ढग नसले तर."

ढग होते.

"ढगांखालून न्या म्हणावं!" साहेब कडाडले.

'साहेब, ते वाक्यच चुकलंय,' एवढंच म्हणायचं होतं. पण खोलीत अकरा अधिकारी, अकराही जणांच्या हातात माझं पुस्तक! मी पाणी प्यायलो. परत प्यायलो.

पाच वाजता टिल्लूच्या बायकोचा फोन आला. "भावजी, सापडले का हो?"

"उपग्रह... बघतोय," मी म्हणालो.

"आणि माणसं? माणसं कुणी गेलीच नाहीत?"

मग मात्र मला राहवेना. साहेबांसमोर सगळं कबूल केलं. हेलिकॉप्टर निघालं आणि वीस मिनिटांत टिल्लू सापडला. झाडावर लटकलेली केशरी छत्री दोन मैलांवरूनही दिसत होती! खाली तो सहा तास पडून होता, पाय दगडाखाली. डॉक्टरांना तो पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

इस्पितळात गेलो, तर टिल्लू पडल्या पडल्या हसला. सपाट पडलेल्या चादरीकडे बघायची माझी हिंमत होईना.

"सर, एक सांगा. तो नियम कुठल्या गाढवानं लिहिला?"

मी खुर्ची जरा मागं सरकवली.

"समिती होती रे," मी म्हणालो. "फार मोठी समिती होती."