अर्ध्या भाकरीची वहिवाट

गुरुवारी सकाळी पावणेदहा वाजता, आदल्या रात्री उरलेल्या अर्ध्या भाकरीने माझ्या आईविरुद्ध तक्रार दाखल केली.

आमच्या गावात शिळ्या अन्नाच्या तक्रारींसाठी स्वतंत्र कक्ष आहे. नगरपालिकेच्या जुन्या इमारतीत, जन्ममृत्यू नोंदणीच्या शेजारच्या खोलीत तो भरतो. मी तिथून अनेकदा गेलो असेन, पण आत जायची वेळ कधी आली नव्हती. आमच्या घरात अन्न वाया जात नाही, असं मी अभिमानाने सांगत असे.

आईचं नाव इंदूबाई देसले. वय चौऱ्याहत्तर. मी तिचा एकुलता मुलगा हेमंत, जमीन मोजणी खात्यात आहे. घरात माझी बायको ज्योत्स्ना आणि कॉलेजात शिकणारी मुलगी केतकी. एवढीच माणसं.

बुधवारी रात्री वांग्याचं भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी होती. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि म्हणालो, "अजून एक टाक." ज्योत्स्नाने टाकली. ती तव्यावरून आली तेव्हा पोट भरल्याचं माझ्या लक्षात आलं, म्हणून मी अर्धीच घेतली. उरलेली अर्धी ज्योत्स्नाने टोपलीत ठेवली, वर फडकं घातलं आणि म्हणाली, "आईंना सकाळी चहाबरोबर होईल."

हे वाक्य आमच्या घरात रोज बोललं जातं. गॅस बंद करावा, मागच्या दाराला कडी घालावी, तसंच तेही एक. त्याला कुणी उत्तर देत नाही.

आई हात पुसत होती. ती म्हणाली, "नाही होणार."

"म्हणजे?"

"म्हणजे मी नाही खाणार. उद्या मी माझ्यासाठी ताजी टाकणार आहे. लोणी आहे ना घरात?"

लोणी होतं.

गुरुवारी सकाळी आईने मूठभर पीठ मळलं, एक लहान भाकरी थापली, जाळावर फुगवली, तिच्यावर लोणी घातलं आणि टेबलापाशी खुर्चीवर बसून सावकाश खाल्ली. टोपलीतली अर्धी भाकरी हे सगळं बघत होती. आईने ताट विसळल्यावर भाकरी खाली उतरली आणि दारातून बाहेर पडली. मी दाढी करत होतो. मला वाटलं, येईल परत.

साडेदहाला ती परत आली. मी बूट घालत होतो. तिच्याजवळ शिक्का मारलेली नोटीस होती आणि तिला पोच हवी होती. नोटिशीत लिहिलं होतं: तक्रारदार, अर्धी भाकरी, कळण्याची, वय चौदा तास. विषय, शिळे अन्न खाण्याची चालत आलेली वहिवाट विनाकारण बंद केल्याबाबत. सुनावणी दुसऱ्याच दिवशी अकराला होती. पक्षकार वाळण्याची किंवा आंबण्याची शक्यता असल्याने या कक्षात तारखा लांबवत नाहीत.

"माझं इंदूबाईंशी वैयक्तिक काही नाही," भाकरी म्हणाली. "पण चौपन्न वर्षं या घरातलं शिळं त्यांच्याकडे जातंय. आज अचानक वाट बंद केली तर आम्ही जायचं कुठे?"

वहिवाट हा माझ्या रोजच्या कामातला शब्द आहे. एखाद्याच्या शेतातून लोक वर्षानुवर्षं ये-जा करत असले आणि मालकाने कधी अडवलं नसलं, तर पुढे त्याला ती वाट सहजासहजी बंद करता येत नाही. अशा भांडणांत मी बांधावर उभा राहून कित्येक पंचनामे केले आहेत. भाकरीची बाजू भक्कम होती, हे मला तिथेच कळलं. मी रजा टाकली आणि आईच्या खोलीत गेलो.

"आई, प्रकरण अवघड आहे. अर्धीच तर आहे. खाऊन टाक, मिटेल."

"तू खा."

"मला सकाळी शिळं..."

"काय होतं तुला?"

"होत काही नाही. सवय नाही."

"मलाही नव्हती," आई म्हणाली आणि पेपर वाचू लागली.

ज्योत्स्ना स्वयंपाकघरातून आली. तिच्या मते शिळ्याने पित्त होतं, आणि पित्ताच्या गोळ्यांपेक्षा अर्धी भाकरी गेलेली स्वस्त. "एवढं कशाला ताणायचं? मी गाईला घालून येते," ती म्हणाली.

"मला टाकायचं असेल तर वेगळा अर्ज करावा लागेल, त्याची खिडकी वेगळी आहे," भाकरी म्हणाली. "शिवाय मी खराब झालेली नाही. वास घेऊन बघा."

ज्योत्स्नाने वास घेतला. भाकरी खरंच खराब नव्हती. ज्योत्स्ना परत आत गेली.

केतकी दुपारी कॉलेजातून आली. अन्न वाया जाऊ नये यासाठी आमच्या घरात सगळ्यांत जास्त कुणी बोलत असेल तर ती. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर ती तारखेची चिठ्ठी लावते. गच्चीवर तिने खताचा पिंप ठेवलाय. नोटीस वाचून ती आजीसमोर मांडी घालून बसली.

"आजी, तू असं करायला नको होतंस. एक भाकरी तयार व्हायला किती पाणी लागतं माहितीये? ज्वारीला, उडदाला, मळायला..."

"माहितीये. विहिरीवरून मीच आणलंय."

"मग तरी तू ती वाया घालवणार?"

"मी कुठे म्हटलं वाया घालवा? घे. तू खा."

केतकी भाकरीकडे बघत राहिली. "मी सकाळी फक्त फळं खाते गं. भाकरी मला जड पडते."

"बरं," आई म्हणाली. ती उठली, एक फडकं ओलं करून तिने पिळलं आणि भाकरीवर नीट पांघरलं. मी विचारलं, हे कशाला, ती तुझ्याविरुद्ध आहे. "भांडण आहे म्हणून तिला वाळू द्यायची का?" आई म्हणाली.

शुक्रवारी आम्ही चौघं आणि भाकरी रिक्षाने गेलो. सुनावणी अधिकारी बागुलसाहेब माझ्याच वयाचे होते. त्यांच्या टेबलाच्या कडेला तीन पुडांचा जेवणाचा डबा होता. शेजारी सोनारबाई टाइप करायला बसल्या होत्या, हडकुळ्या, चष्म्याच्या, निवृत्तीला आलेल्या.

भाकरीने आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. इंदूबाई लग्न होऊन या घरात आल्या त्या वर्षापासून घरातलं उरलेलं अन्न त्याच खात आल्या. सणाच्या दिवशीही आधी आदल्या दिवसाचं संपवून मग त्यांनी पुरणपोळीला हात लावला. या काळात त्यांनी एकदाही हरकत घेतलेली नाही. सबब वहिवाट सिद्ध होते.

"हरकत घेतली होती का?" साहेबांनी आईला विचारलं.

"विचारलंच नाही कुणी."

"पण नाही म्हणाला नाहीत."

"नाही म्हणाले नाही. बुधवारी म्हणाले."

साहेबांनी मला साक्षीला बोलावलं. मी आईच्या बाजूने बोलायचं ठरवून गेलो होतो, पण प्रश्न भाकरीने विचारले.

"बुधवारी तिसरी भाकरी कोणी मागितली?"

"मी."

"पूर्ण खाल्ली?"

"अर्धी."

"मंगळवारी भात जास्त लावायला कोणी सांगितलं होतं?"

मला आठवेना. ज्योत्स्नाने मागून सांगितलं, "यांनीच. पाहुणा आला तर असावा म्हणून. रोज सांगतात."

"तुम्ही घरात कधी शिळी भाकरी खाल्ली आहे?"

मी विचार केला. लहानपणापासूनच्या सकाळी आठवून पाहिल्या. पोहे आठवले, गरम पोळी आठवली, दुधावरची साय आठवली. "नाही," मी म्हणालो.

"मग ती जाते कुठे, असं तुम्हाला वाटत होतं?"

"संपते, एवढंच माहीत होतं."

सोनारबाईंनी ते टाइप केलं. कागदावर ते फार लहान दिसलं. मी परत जाऊन बसलो आणि आईकडे बघायचं टाळलं.

आईला काही सांगायचंय का, असं साहेबांनी विचारलं. ती उभी राहिली. बसून बोला म्हणाले, तरी ती उभीच राहिली.

"माझं लग्न झालं आणि पुढच्या वर्षी दुष्काळ पडला," आई म्हणाली. "आम्ही सरकारी कामावर खडी फोडायला जायचो. लाल ज्वारी मिळायची, कधी सुकडी. तेव्हा आमच्या घरात शिळं, ताजं असं नव्हतंच. सासरे पातेलं खरवडायचे, दीर खरवडायचे, मीही खरवडायचे. एक भाकर असली तर तिचे सात तुकडे. मग पाऊस आला, विहिरीला पाणी लागलं, ज्वारी पिकली. ताजं सगळ्यांकडे गेलं आणि शिळं माझ्याकडे राहिलं. कधी राहिलं ते मलाही कळलं नाही. मी अन्नाचं एक शीत टाकलेलं नाही, साहेब, आणि आजही कुणी टाकलं तर मी हात धरीन. अन्न वाया घालवू नये हे मला मान्य आहे. पण ते इंदूबाईनेच खावं, हे कुठे लिहिलंय ते मला दाखवा."

साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं, मग अनुक्रमणिका पाहिली. भाकरीही टेबलाच्या कडेवरून वाकून बघत होती. तसं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "वहिवाट कुटुंबावर लागू राहील, एका व्यक्तीवर नाही. घरात माणसं चार. अर्ध्या भाकरीचे चार समान हिस्से करून प्रत्येकाने एकेक खावा. इंदूबाई, तुमच्या वाट्याला अगदी लहान तुकडा येतो. सही करा."

तोडगा मला वाजवी वाटला. मी पेन पुढे केलं.

आईने ते घेतलं नाही. "माझा हिस्सा मी खाऊन बसलेय," ती म्हणाली. "लहान तुकडाही नाही."

"हा आदेश आहे, बाई. मानला नाही तर मला तशी नोंद करावी लागेल."

"करा. इंदूबाई देसलेने ऐकलं नाही, असं लिहा. चांगल्या मोठ्या अक्षरात लिहा, माझ्या नातीला वाचता आलं पाहिजे."

"आई," मी म्हणालो.

"तू गप्प बस. तुला अजून तिसरी भाकर पचवायची आहे."

साहेबांनी सोनारबाईंना नोंद टाइप करायला सांगितली. सोनारबाईंचे हात मांडीवर होते.

"सोनारबाई, टाइप करा."

"साहेब, मी आज सकाळी कालचा भात खाऊन आलेय," सोनारबाई म्हणाल्या.

"मग?"

"मग काही नाही. सांगितलं. काल परवाचा खाल्ला होता."

साहेबांनी आपल्या डब्याकडे पाहिलं. त्यात ताजं होतं, हे झाकणावरच्या वाफेवरून दिसत होतं. त्यांच्या घरी काल उरलेलं कोण खात असेल, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण त्यांनी डबा टेबलाखाली ठेवला.

"चारच्या जागी तीन लिहा," ते म्हणाले. "आणि ज्याने मागितली त्याने पहिला तुकडा घ्यावा."

सोनारबाईंनी ते झरझर टाइप केलं. भाकरीने आदेश मान्य असल्याचं सांगितलं. आपण खाल्लं जावं एवढीच तिची मागणी होती, कुणाकडून याबद्दल तिचा आग्रह नव्हता. आजवर दुसरं कुणी पुढे आलंच नव्हतं, म्हणून तिने आईचं नाव घातलं होतं.

घरी आल्यावर मी भाकरीसमोर उभा राहिलो. ती कडक झाली होती आणि तिचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं.

"आई, हिला कशी खातात?"

"कुस्कर. कांदा चीर. फोडणी दे." आई खुर्चीवरून उठली नाही.

मोहरी कुठे असते, हे मला ज्योत्स्नाला विचारावं लागलं. केतकीने कांदा चिरला. भाकरी मी हाताने कुस्करली. ते वाटलं होतं त्यापेक्षा कष्टाचं काम निघालं, आणि भाकरी शेवटपर्यंत शांत होती. हळद जास्त पडली. तीन बशा भरल्या. मी पहिला घास घेतला. कोरडा होता, तो घशाखाली जायला वेळ लागला. दुसरा बरा लागला. ज्योत्स्ना म्हणाली, लिंबू हवं होतं. केतकीने बशी पुसून खाल्ली आणि विचारलं, "आजी, तू हे रोज एकटी खायचीस?"

"फोडणी नसायची," आई म्हणाली.

त्या रात्री ज्योत्स्नाने तवा ठेवण्याआधी प्रत्येकाला विचारलं, किती? मी म्हणालो, दोन. ती म्हणाली, नक्की? मी पोटावर हात ठेवून नीट विचार केला आणि दोन म्हणालो. पाहुण्यासाठी भात लावायचा नाही असं ठरलं. पाहुणा आला तर तो आल्यावर लावू.

तरीही अंदाज चुकतो. शनिवारी वाटीभर वरण उरलं. रविवारी सकाळी ते ओट्यावरून उतरलं आणि सरळ आईच्या खोलीकडे निघालं. त्याला आदेशाची माहिती नसावी. आईने त्याला येताना पाहिलं, उठली आणि दार लावून आतून कडी घातली.

वरण दारापाशी थोडं थांबलं. मग वळलं आणि माझ्या खुर्चीपाशी आलं. मी पेपर घडी करून ठेवला आणि त्याला टेबलावर जागा करून दिली.