अच्युतरावांचं अॅव्हरेज

"नलीला म्हणावं, तोंड बघायचंय," असा मायचा निरोप सकाळीच निर्ण्याहून आला आणि नलिनीबाई हातातला चहा तसाच ठेवून गाडीत जाऊन बसल्या. बसल्या म्हणजे आडव्या झाल्या. बसायला सीट होतीच कुठं?

शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांचे यजमान अच्युतराव यांना एकच ध्यास लागला होता. लिटरला अठरा देणाऱ्या गाडीकडून सव्वीसचं अॅव्हरेज काढायचं! वजन नको म्हणून त्यांनी स्टेपनी काढली आणि स्वतःची सोडून बाकी सगळ्या सीटाही काढल्या. टायरात हवा इतकी ठासली की बारका खडा लागला तरी नलिनीबाईंची कंबर बोंब मारायची. म्हणून मागं गादी आली. एसी पेट्रोल खातो, म्हणून बंद. उघड्या काचेतून शिरलेला वारा गाडी अडवतो, म्हणून काचाही बंद. मग त्या उकाड्यात बाईंनी ओली पांढरी चादर तोंडावरून ओढून घेतली, तर त्यांचं काय चुकलं, सांगा!

औराद मागं पडलं तरी काटा चाळीसवरच.

"अहो, जोरात चालवा की! बैलगाडी हाकायलाव काय?"

"चाळिसातच खरं अॅव्हरेज निघतं, नली. अन् तुझी माय दर दिवाळीला सिरियस होते. आपण जाईस्तोवर उठून बसंल बघ."

हे अगदीच खोटं नव्हतं. मागं दोनदा असेच धावत गेले होते आणि मायच्या हातचे धपाटे खाऊन परत आले होते.

कोळारच्या कारखान्यांपाशी टपरीवर चहा पिणाऱ्यांनी गाडी पाहिली. बंद काचा, मुंगीची चाल, आत पांढरी चादर. सगळे उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवायचं सोडलं आणि तो निमूट मागं मागं येत राहिला.

"बघ, लोकं कशी शिस्तीत चालवायलेत," अच्युतराव खूश झाले.

थोड्या वेळानं त्यांचा फोन वाजला. बाईंनी चादरीतून हात काढून तो घेतला.

"सर, मी भीमण्णा, निर्ण्याचा. कोळारला गाडी बघितली तुमची. बाई कवा गेल्या हो?"

"मीच बोलायलेय, भीमण्णा. रस्त्यातच हाय अजून!"

पलीकडं फोन हातातून पडल्याचा आवाज आला. बाई हसत सुटल्या. हसता हसता रडकुंडीला आल्या. "मला हसू कामून यायलंय हो? तिकडं माय वाट बघायली. दाबा की जरा!"

अच्युतरावांनी समोरचा अॅव्हरेजचा आकडा पाहिला. सव्वीसला अगदी थोडं कमी होतं. "आता उतारच हाय," असं म्हणून त्यांनी गाडी न्यूट्रलवर टाकली.

निर्ण्याच्या घरापुढं माणसं जमली होती. भीमण्णानं गावभर केलं वाटतं! नलिनीबाई तणतणत उतरल्या. "अरे, मला काय झालं न्हाई! जिवंत हाय मी!"

कुणीच हसलं नाही. धाकटा भाऊ गिरिधर पुढं आला.

"अक्का, माय गेली. आत्ताच. सारखं विचारायली होती, नली कुठवर आली."

बाईंनी हंबरडा फोडला. अच्युतराव स्टिअरिंग धरून तसेच बसून राहिले. समोर सव्वीसचा आकडा लागला होता. त्यांना त्याची लाज वाटली. मग धपाटे आठवले आणि एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला.

दुपारी नेण्याची तयारी झाली. माती द्यायची ते शेत ओढ्यापलीकडं, लांब होतं आणि खांदा द्यायला म्हातारेच जास्त होते.

"दाजी, तुमच्या गाडीत सीटा न्हाईत," गिरिधर खालच्या आवाजात म्हणाला. "तिच्यातच नेऊ."

मायला त्याच गादीवर निजवलं. गिरिधर तिच्या उशाशी बसला. अच्युतरावांनी कुणी न सांगताच एसी लावला. सकाळची चूक आता तरी भरून निघेल असं वाटलं की काय, कोण जाणे, त्यांनी पाय जोरात दाबला आणि गाडी हिसका देऊन निघाली.

नलिनीबाई काचेवर हात आपटत मागं धावल्या. गाडी थांबली, काच खाली आली.

"हळू चालवा हो," त्या म्हणाल्या. "आता कुठली घाई हाय?"